समुद्र बाजूला होतो

आगरवेळच्या सरपंच अनसूया कोयंडे सभा चालू असताना खुर्चीवरून बाजूला झाल्या, की सभेचं अध्यक्षस्थान समुद्राकडे जातं. समुद्र ऑफिसच्या पायरीपर्यंत येतो, काम बघतो आणि विषय संपला की खुर्ची परत देऊन आपल्या जागी जातो. ही पद्धत जुनी आहे आणि तिच्याबद्दल आजवर कुणाची तक्रार नाही.

इतर गावांत अशा वेळी उपसरपंच खुर्चीवर बसतात. आगरवेळमध्येही पूर्वी तसंच होतं. पण आगरवेळमध्ये सगळेच एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात. कुंपणाचा विषय निघाला की सरपंच बाजूला व्हायचे, कारण कुंपण त्यांच्या साडूचं. मग उपसरपंच बाजूला व्हायचे, कारण कुंपण मोडणारी म्हैस त्यांच्या बहिणीची. मग एकेक सदस्य आपापलं नातं सांगत बाहेर पडायचा आणि शेवटी सभागृहात ग्रामसेवक आणि भिंतीवरचं घड्याळ एवढेच उरायचे. तेव्हा जुन्या मंडळींनी डोकं लढवलं आणि ठराव केला: सरपंच बाजूला झाल्यास, ज्याचं गावात कुणाशीही नातं नाही अशा सर्वांत ज्येष्ठ रहिवाशाने अध्यक्षस्थान घ्यावं. शोध घेतला तेव्हा असा रहिवासी एकच निघाला. त्याला पत्र पाठवण्यात आलं, म्हणजे होडीतून नेऊन पाण्यात सोडण्यात आलं. दुसऱ्या दिवशी भर ओहोटीच्या वेळी तो ऑफिसच्या खालच्या पायरीशी येऊन थांबला. तो होकार समजण्यात आला.

पंचायतीच्या ऑफिसचं पश्चिमेचं दार समुद्रकाठच्या पुळणीवर उघडतं. सरपंच उठून "या विषयापुरती मी बाजूला होते" असं म्हणाल्या, की शिपाई गंगाराम त्यांची खुर्ची उचलतो आणि त्या दाराच्या खालच्या पायरीवर नेऊन ठेवतो. समुद्र येतो. खुर्चीच्या चारही पायांना पाणी लागलं की अध्यक्षस्थान भरलं असं धरून कामकाज सुरू होतं. हात मोजून झाल्यावर ठराव मंजूर असेल तर पाणी एक पायरी चढतं, नामंजूर असेल तर एक पायरी उतरतं. त्याच्यासमोर सदस्य मुद्द्याला धरून बोलतात. बाबुराव जुवाटकर एकदा गटाराच्या विषयावर बोलता बोलता आपल्या आजोबांपर्यंत पोचले होते, तेव्हा एक लाट आत आली, त्यांना गुडघ्यापर्यंत भिजवून गेली आणि जाताना गटाराची फाईल घेऊन गेली. जुवाटकर त्यानंतर त्याच्यापुढे थोडक्यात बोलू लागले. एरवी नाही.

अनसूयाबाई या कामात फार काटेकोर. नवा दिव्याचा खांब त्यांच्या माडाच्या सावलीत येतो म्हणून त्या एकदा बाजूला झाल्या होत्या. लोक हसले, पण खांबाबद्दल पुढे कुणाला एक शब्द बोलता आला नाही. बाजूला होणाऱ्याने कसं वागायचं, तेही त्यांना पाठ होतं. सभागृहातलं ऐकू येणार नाही इतकं लांब जायचं. एका विषयात दोघे बाजूला झाले तर दोघांनी एकाच ठिकाणी थांबायचं, कारण वेगवेगळे थांबले की कोणीतरी मागच्या दाराने येऊन कुणाच्या कानाला लागतो. आणि थांबलेल्यांनी आपसात त्या विषयाबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

त्या दिवशीचा विषय त्यांच्या सुनेचा होता.

अनसूयाबाईंचा मुलगा रुपेश होडी घेऊन एकटाच गेला होता आणि परत आला नव्हता. सरकारने अशा माणसासाठी जेवढी वर्षं वाट बघायला सांगितली आहे, तेवढी उलटून गेली होती. मृत्यूचा दाखला वरच्या ऑफिसातून मिळणार होता, पण ते ऑफिस म्हणत होतं, आधी गावाचा ठराव आणा. म्हणून त्याच्या बायकोने, प्रणालीने, अर्ज केला होता. पलीकडच्या गावातल्या एका मास्तरांनी तिला मागणी घातली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पण अर्जात तिने तसलं काही लिहिलं नव्हतं. एवढंच लिहिलं होतं की, रोज सकाळी आरशासमोर उभी राहिल्यावर मी कोण आहे ते मला कळत नाही, तरी गावाने ते एकदा ठरवून द्यावं.

सासू-सून एकाच घरात राहत होत्या. अर्ज आल्यापासून त्या मीठ दे, दार लाव, यापलीकडे बोलत नव्हत्या. अनसूयाबाई दर वर्षी मुलाच्या होडीचं लायसन नवं करून आणत, त्याची जाळी उन्हात काढत, आणि घरात कोणी रुपेश होता असं म्हणालं तर "आहे" असं सुधारत. त्यांनी अर्जावर लेखी हरकत घेतली होती. "माझा मुलगा परत येणार असल्याने तो गेला असे ठरवण्यास माझी हरकत आहे."

अर्ज सुनेचा आणि हरकत स्वतःची. अनसूयाबाई उठल्या, बाजूला होते म्हणाल्या, घंटा टेबलावर ठेवली आणि बालवाडीच्या मागच्या ओट्यावर जाऊन बसल्या. जाताना त्यांनी प्रणालीकडे बघितलं नाही. गंगारामने खुर्ची उचलल्याचा आणि पायरीवर पाणी आल्याचा आवाज तेवढा त्यांनी ऐकला. त्यांना धीर आला होता. एवढी वर्षं वाट बघणाऱ्या आईचा मुलगा असा हात वर करून घालवता येत नाही, हे समुद्राला तरी कळेल असं त्यांना वाटत होतं.

त्या ओट्यावर बसून शेंगदाण्याची टरफलं झटकत होत्या, तेवढ्यात गाज थांबली.

आगरवेळमध्ये जन्मलेल्या माणसाने गाज ऐकू येत नाही अशी घटका कधी पाहिलेली नसते. ती झोपेत असते, भांडणात असते, लग्नात मंगलाष्टकांच्या मागे असते. ती थांबली तशी अनसूयाबाईंनी ओटा दोन्ही हातांनी धरला, कारण पायाखालचं काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. माडावरचे कावळे ओरडायचे थांबले. कुठेतरी लांब एका घरात कोणीतरी नारळ खवत होतं, त्याचा खरखर आवाज अगदी शेजारी बसून खवल्यासारखा येत होता. अनसूयाबाईंना भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही मोठं काहीतरी वाटलं, त्याला त्यांच्याकडे शब्द नव्हता.

गंगाराम आला. तो एरवी चालत येतो, आज भिंतीला हात लावत लावत आला.

"काकी," तो म्हणाला, "तो पण बाजूला झालो."

"कोण?"

"अध्यक्ष महाराज. ग्रामसेवकांनी अर्ज वाचलो. रुपेश रामचंद्र कोयंडे हे समुद्रात गेले, असा वाचल्यानी. तसे तात्या सारंग उठले. म्हणाले, माझा हरकतीचा मुद्दा आहे. ज्यांच्याकडे तो गेला तेच अध्यक्षस्थानी आहेत. ह्या विषयात त्यांचा हितसंबंध आहे."

तात्या सारंग हे सगळ्यात वयस्कर सदस्य. वर्षभरात ते दोनच वेळा बोलत, आणि त्यातही एकदा पंखा लावा म्हणून.

"मग?"

"मगे काय. सगळे गप. तोय गप. मगे खुर्चीचे पाय सोडल्यान आणि मागे मागे गेलो. गेलो तो गेलोच. आता दिसाक नाय." गंगारामने टोपी काढून डोकं पुसलं. "कित्याक गेलो असतलो, काकी? गेलो नसतो तरी कोण काय म्हणणार होता तेका?"

"नियम आहे," अनसूयाबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा निघाला नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. ज्याचं गावात कुणाशी नातं नाही म्हणून खुर्चीवर बसवला, त्याच्याकडे गावातल्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी गेलेलं होतं.

"खुर्चीवर आता कोण?"

"कोण नाय. नियम थंयच संपता. खुर्ची पायरीवर रिकामी आसा, तात्यांनी नुसती घंटा धरलेली आसा." गंगाराम जरा घुटमळला. "आणि काकी, तुमका हंय बसाक येवचा नाय. बाजूला झालेल्यांनी एकाच ठिकाणी थांबायचा. तो हंय इलो तर गाव ऱ्हवाचा नाय. तेव्हा तुमकाच थंय जावक होया."

हे रीतसर होतं. अनसूयाबाईंनी पदर खोचला आणि निघाल्या.

ऑफिसला वळसा घालून त्या पुळणीवर आल्या आणि उभ्या राहिल्या. समुद्र नव्हता. जिथे तो असतो तिथे उतरती, ओली, राखाडी जमीन होती आणि ती आभाळाला जाऊन लागत होती. होड्या जिथल्या तिथे कलंडल्या होत्या. गावातली माणसं पुळणीच्या कडेला उभी होती, आणि कुणीही पुढे पाऊल टाकलं नव्हतं. पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या. अनसूयाबाई त्यांच्यामधून चालत गेल्या आणि जिथे रोज पाण्याची रेघ असते ती ओलांडून खाली उतरल्या.

जमीन थंड होती आणि पायाला घट्ट लागत होती. आधी रापणीच्या जाळ्यांचे तुटलेले दोर लागले. मग नांगर लागले, एकामागून एक, त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचे आणि त्याच्याही आधीचे, कालवांनी मढलेले. एक लोखंडी बोट लागली. तिच्या नुसत्या बरगड्या उरल्या होत्या आणि त्या गावच्या देवळापेक्षा उंच होत्या. अनसूयाबाई तिच्यामधून आरपार चालत गेल्या. मासा एकही दिसला नाही. मासे त्याने बरोबर नेले होते. बाजूला होणाऱ्याने आपलं माणूस सभागृहात मागे ठेवायचं नाही, हे त्यालाही पाठ होतं. नाही म्हणायला एका खडकाच्या कपारीत शेवाळात गुंडाळलेली गटाराची फाईल सापडली. ऑफिसची मालमत्ता म्हणून ती त्यांनी काखेत घेतली.

पुढे पुढे जमीन खोल होत गेली आणि दोन्ही बाजूंना डोंगर उभे राहिले. हे डोंगर आपल्या गावासमोर जन्मभर होते आणि आपण त्यांच्या माथ्यावरून वल्ही मारत गेलो, हे मनात येऊन अनसूयाबाई मध्येच थांबल्या आणि त्यांनी हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. एवढं सगळं खाली होतं आणि त्याने कधी बढाई मारली नव्हती.

दोन डोंगरांच्या मध्ये, सपाट जागी, रुपेशची होडी बसलेली होती.

ती त्यांनी लांबूनच ओळखली. पुढच्या टोकाचा, नाळेवरचा पिवळा पट्टा त्यांनीच रंगवला होता. त्या जवळ गेल्या. तळाला माणूस जाईल एवढं भगदाड होतं. भगदाडाच्या एका कडेला निळा शर्ट कोंबलेला होता, बोळा करून, बोटांनी दाबून दाबून. बाही बाहेर राहिली होती. बाहीची बटणं सुनेने लावलेली होती, प्रत्येक बटणाला जरुरीपेक्षा जास्त दोरा, तो अजून टिकला होता. होडीत आणखी कोणी नव्हतं, काही नव्हतं.

अनसूयाबाई खूप वेळ तिथे उभ्या राहिल्या. त्यांनी शर्टाला हात लावला नाही. त्यांच्या पोटात जे कळत गेलं ते कळण्यासाठी आणखी काही बघायची गरज नव्हती. मग त्यांनी काखेतली फाईल सावरली आणि पुढे चालायला लागल्या, कारण त्यांना नेमून दिलेली जागा अजून पुढे होती.

समुद्र जगाच्या काठाशी थांबला होता. त्याच्यावर लाट नव्हती. परातीत भरून ठेवलेल्या पाण्यासारखा तो स्वस्थ होता आणि त्याच्या आत, काठापासून खोलवर, सगळे मासे तोंड इकडे करून उभे होते. पुढे तारली आणि बांगडे, त्यांच्या मागे सुरमई, त्यांच्याही मागे असे मोठे की एका डोळ्यात माणूस उभा राहील, आणि त्यांच्या मागे नुसता अंधार हलत होता. अनसूयाबाई एका दगडावर बसल्या.

"इलंय," त्या म्हणाल्या.

पाणी किंचित हललं.

दोघं बसून राहिली. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. शर्ट कोंबून झाल्यावर पोराने किती वेळ वाट बघितली, आणि शेवटी हाक मारली का, आणि मारली तर कुणाला. प्रश्न ओठांपर्यंत यायचा आणि त्या तो गिळून टाकायच्या, कारण तोच तर विषय होता. समुद्रही गप्प होता. तो सांगू शकला असता, असं त्यांना अगदी स्पष्ट जाणवत होतं. त्याच्या आत ते कुठेतरी होतंच. पण त्याने जीभ आवरली होती, आणि एवढा मोठा असून आवरली होती, हे बघून त्यांना त्याचा राग करता येईना. इतकी वर्षं पायरीवर उभ्या राहून त्यांनी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

"औंदा बांगडो कमीच इलो," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. यावर बोलायला हरकत नव्हती.

पाणी हललं. पुढच्या रांगेतले बांगडे जरा मागे सरकले.

"आणि त्या धक्क्याचो दगड तुमी सारखो काढतास. तो काढू नका. पोरा पडतत."

अशा दोघांच्या आणखी काही गोष्टी झाल्या. त्या काय होत्या ते अनसूयाबाईंनी पुढे कुणाला सांगितलं नाही.

सूर्य कलायला लागला तेव्हा गंगाराम आला. एवढं चालून त्याची एक चप्पल तुटली होती आणि ती त्याने हातात धरली होती. समुद्र दिसताच त्याने चप्पल पाठीमागे लपवली.

"विषय संपला?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"खंयचो संपता! जुवाटकर उभे ऱ्हवले आसत. म्हणतत, सरपंचबाईंची हरकत आहे तोवर विषय संपवता येणार नाही. म्हणून तो ह्या सभेत तहकूब करावा, पुढच्या सभेत परत तहकूब करावा, आणि असं करत राहावं." गंगारामने मान वळवून मागच्या मोकळ्या जमिनीकडे बघितलं. "विषय चालू तवर तो बाजूला. तो बाजूला तवर ही सगळी जमीन आपली. फक्की मागवल्यानी सुद्धा, काकी. रेघा मारूक सुरवात झाली. बाजारपेठ, एस.टी. स्टँड, क्रिकेटचा ग्राउंड. सगळे सदस्य नकाशार वाकलेले आसत."

"आणि तात्या?"

"तात्या म्हणतत, मी नुसती घंटा धरलेली आसा, माका विचारू नका."

"आणि प्रणाली?"

"ती बसलेली आसा बाकार. हात मांडीवर ठेवून. सकाळपासना उठाक नाय."

गोष्ट सरळ होती. अनसूयाबाईंनी हरकत तशीच ठेवली तर विषय कधीच संपणार नव्हता. रुपेश कधीच गेला नसता. त्यांना फक्त या दगडावर बसून राहावं लागलं असतं, आणि त्याला त्यांची तयारी होती, त्या तशाही इतकी वर्षं बसूनच होत्या. त्यांनी समुद्राकडे बघितलं. तो आपण होऊन येणार नव्हता. कुणी बोलवेपर्यंत तो इथेच थांबला असता, शंभर वर्षंसुद्धा, गाज न करता, मासे रांगेत उभे करून. आणि बाकावर ती पोर थांबली असती.

त्यांना रुपेशचा राग आला, मग स्वतःचा आला, मग रडू आलं. गंगाराम चपलेकडे बघत उभा राहिला.

"गंगाराम," शेवटी त्या म्हणाल्या, "होडी बघितलंस येताना?"

"बघितलंय, काकी."

"मीपण बघितलंय." त्यांनी डोळे पुसले आणि त्यांचा आवाज सभेतला झाला. "हरकतीत मी लिहून दिलंय की मुलगा परत येणार आहे. हे खरं नाही, असं मला आता माहीत आहे. माहीत असताना सभागृहासमोर खोटी हरकत ठेवता येत नाही. जा, सांग, मागे घेतली म्हणून."

गंगाराम अवघडला. "माझ्या तोंडचा चलाचा नाय. हरकत मागे घेणाऱ्याने स्वतः सभागृहाला ऐकवायचा. आणि विषय चालू असताना तुमका आत येवक येणा नाय."

हेही रीतसर होतं. अनसूयाबाई दगडावरून उठल्या. ऑफिस इथून दिसत नव्हतं. ज्या डोंगरांवर पाणी असतं ते डोंगर मध्ये होते, आणि त्यांच्या पलीकडे किनारा दोऱ्याएवढा. पण गाज नव्हती. वारा नव्हता. कुठेतरी लांब कोणीतरी अजून नारळ खवत होतं आणि ते इथे ऐकू येत होतं.

त्या गावाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. टेबलापलीकडच्या माणसाशी बोलावं तसं त्या बोलल्या.

"मी, अनसूया रामचंद्र कोयंडे, माझी सून प्रणाली हिच्या अर्जावरची माझी हरकत मागे घेते. माझा मुलगा परत येणार नाही."

शब्द गेले. डोंगरांच्या मधून, होडीवरून, लोखंडी बोटीच्या बरगड्यांमधून ते जाताना त्यांना आणि गंगारामलाही ऐकू येत होते. लहान होत होत ते किनाऱ्याला पोचले. नंतर काही वेळ काहीच झालं नाही. मग खूप लांबून, देव्हाऱ्यातल्या घंटेइतका बारीक, तात्यांच्या हातातल्या घंटेचा आवाज आला. ठराव झाला होता.

अनसूयाबाईंच्या पाठीमागे समुद्र उठला.

"चल," त्या गंगारामला म्हणाल्या, "आणि धावू नको."

गंगारामला धावायचं होतं, पण तो धावला नाही. अनसूयाबाई आपल्या चालीने चालत होत्या आणि समुद्र त्यांच्या मागून त्यांच्या चालीने येत होता, टाचेपासून हातभर अंतर ठेवून. त्याने मनात आणलं असतं तर एका क्षणात तो किनाऱ्याला असता. बाईमाणसाचं वय झालंय, चढ आहे, हे तो बघत होता. दोन्ही बाजूंचे डोंगर एकेक करून आवाज न करता त्याच्यात परत गेले.

होडीपाशी अनसूयाबाई थांबल्या. समुद्रही थांबला, सगळाच्या सगळा, पार मागेपर्यंत. विषय आता संपला होता. विचारायला कुणाची आडकाठी नव्हती. अनसूयाबाईंनी तोंड उघडलं आणि मग मिटलं. त्याच्याकडे जे होतं ते त्याने सांभाळून ठेवलं होतं. तो टाकून देणाऱ्यातला नव्हता, एवढं त्यांना कळलं होतं आणि त्यावर त्यांना झोप लागली असती.

"होडी तेवढी दे," त्या म्हणाल्या. सबंध आयुष्यात त्यांनी समुद्राला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

पुढे चालायला लागल्यावर मागे लाकूड करकरल्याचा आवाज आला. त्यांनी वळून बघितलं नाही. पुळणीवर लोकांनी वाट करून दिली. जुवाटकरांच्या पांढऱ्या रेघा एकामागून एक पुसल्या जात होत्या आणि जुवाटकर शेवटच्या रेघेवर, बहुधा स्टँडवर, उभे होते. समुद्र त्यांच्यासाठी थांबला नाही. ते उडी मारून बाजूला झाले. अनसूयाबाई पायरीपर्यंत पोचल्या तेव्हा होडी पुळणीवर, जिथे कोयंड्यांच्या होड्या ओढून ठेवतात तिथे, तोंड समुद्राकडे करून ठेवलेली होती.

प्रणाली दारातून खाली आली होती. ती होडीकडे बघत होती.

"शर्ट तेचोच आसा गो," अनसूयाबाई म्हणाल्या. "तू बटणां लावलेलंस तो. पाणी अडवलेल्यान त्याने. खूप अडवलेल्यान."

प्रणाली पायरीवर बसली आणि सासूच्या ओल्या साडीत तोंड खुपसून रडली. अनसूयाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो त्यांनी लवकर उचलला नाही. ग्रामसेवक घड्याळ बघत नव्हते.

मग गंगारामने खुर्ची पुसून टेबलामागे ठेवली. अनसूयाबाईंनी गटाराची फाईल जुवाटकरांसमोर ठेवली आणि आपल्या जागेवर बसल्या. बाजूला झालेल्या अध्यक्षाने परत आल्यावर, आपल्यामागे झालेला ठराव स्वतः सभागृहाला वाचून दाखवायचा असतो, म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं नंतर म्हणता येत नाही. त्या दिवशी बाजूला झालेले अध्यक्ष दोन होते, म्हणून पश्चिमेचं दार उघडं ठेवण्यात आलं.

अनसूयाबाईंनी कागद हातात घेतला आणि उभ्या राहिल्या. बाहेर पुळणीवर येऊन फुटण्याच्या बेतात असलेली लाट, उत्तरेच्या खडकापासून दक्षिणेच्या खाडीपर्यंत, उभीच्या उभी थांबली. तिच्या कडेवरचा फेसही हलेना. सदस्य आपसूक उठून उभे राहिले.

"या सभेच्या मते," अनसूयाबाई वाचू लागल्या, "आगरवेळ गावचे रहिवासी रुपेश रामचंद्र कोयंडे हे," आणि इथे त्या थांबल्या. कुणी खोकलं नाही. कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मुलाचं पूर्ण नाव त्यांनी सावकाश, प्रत्येक अक्षर लावून वाचलं, बारशाच्या दिवशी त्याच्या कानात सांगितलं गेलं होतं तेवढ्याच हलक्या आवाजात, आणि या खेपेस वाक्य शेवटपर्यंत नेलं.

"सभागृहाने ऐकलं?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं," प्रणाली म्हणाली. मग सगळे म्हणाले.

अनसूयाबाईंनी दाराकडे बघितलं. लाट अजून उभी होती.

"पुढचा विषय," त्या म्हणाल्या, आणि लाट फुटली.